हिंगणघाटच्या ओल्या पिशव्या

ईरा, मिहिर,

आज जे लिहायला बसले आहे ते मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. तुमचे आजोबा गेले, त्यांनाही ते कळले नाही. तुमच्या आईलाही नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा ते बाजूला ठेवूनच जोडत आले. तुम्हाला हसू येईल — पण माणूस देवालाही निवडून सांगतो.

मग आत्ताच का? ईरा, मागच्या रविवारी तू फोनवर सांगितलेस ना, की तुमच्या प्रयोगशाळेत एक बंद नमुना आला आहे. तोच नमुना इतर प्रयोगशाळांनाही गेला आहे, आणि कोण किती नेमके काम करते ते त्यावरून ठरणार आहे. मग हसत म्हणालीस, तुझी सोबतीण म्हणते की दुसऱ्या लॅबमधल्या ओळखीच्या मुलीला त्यांचा आकडा विचारून घेऊ. "सगळेच विचारतात, आजी." मीही हसले. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या लहान चौकटीत मला माझेच हसू दिसले. फोन बंद झाल्यावर चहा पार गार होईपर्यंत मी तिथेच बसून होते.

ते हसू मला पुसायचे आहे. म्हणून लिहिते.

मराठीत लिहिते आहे, मिहिर, तुला वाचायला वेळ लागेल. आईकडून वाचून घे. तिलाही कळू दे. इंग्रजीत मला सोपे गेले असते. शाळा इंग्रजी, कॉलेज इंग्रजी, नोकरीतले सगळे अहवाल इंग्रजी. पण त्या अहवालांत काम आपोआप झालेले असते, करणारे माणूस कुठेच दिसत नाही. इथे ते दिसायला हवे.

तुमच्या दिवाणखान्यात माझा एक फोटो आहे. खांद्यावर शाल, हातात नारळ, मागे पडदा. लहानपणी तुम्ही पाहुण्यांना सांगायचात, "आजीला खतासाठी बक्षीस मिळालं," आणि पाहुणे हसायचे. त्या फोटोपर्यंत मला यायचे आहे. पण आधी यशोधरा. तिच्यावाचून तो फोटो कळणार नाही.

मी वर्ध्याला माती आणि खते तपासण्याच्या एका लहान प्रयोगशाळेत होते. शेतकरी मातीच्या पिशव्या आणून देत. मातीत नत्र किती, स्फुरद किती, सामू म्हणजे पीएच किती, हे आम्ही काढून देत असू. हिंगणघाटला आमच्यासारखीच एक प्रयोगशाळा होती आणि तिथे यशोधरा होती. नागपूरला आम्ही एकाच वर्गात शिकलो. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर त्यांच्या घरात जन्मलेली ती पहिली मुलगी, म्हणून वडिलांनी हौसेने यशोधरा नाव ठेवले. मी यशू म्हणायचे. ती मला "वर्धेवाली" म्हणायची, जणू मी भाजीवाली किंवा दूधवाली.

तिचा हात नेमका होता आणि जीभ तिखट. माझा हातही नेमका होता. ते सांगायला हवे, कारण पुढे जे झाले ते मला येत नव्हते म्हणून झाले नाही.

त्या सुमारास आमच्या भागातल्या काही प्रयोगशाळांनी एक चांगली गोष्ट ठरवली. एकाच शेतातली माती एका ठिकाणी तयार करायची, सारखी वाटायची, आणि प्रत्येकाने दुसऱ्याला न विचारता तपासायची. मग सगळे आकडे शेजारी शेजारी मांडायचे. कुणाचा दूर गेला तर का गेला ते बसून शोधायचे. भांडे खराब आहे का, रसायन जुने आहे का, की हात चुकतो आहे? एरवी एकाच शेताची माती वर्ध्याला एक सांगायची आणि दुसरीकडे दुसरेच — शेतकऱ्याने कुणाचे ऐकायचे?

पहिली माती यशूने आणि मी केली. केळझर हे गणपतीच्या देवळाचे गाव, त्याच्याजवळच्या एका शेतातून काळी माती आणली, सावलीत पसरून वाळवली, लाकडी मोगरीने कुटली, चाळली. मग ढीग करायचा, त्याचे चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन उचलून मिसळायचे, पुन्हा ढीग — असे करत राहायचे, म्हणजे प्रत्येक बरणीत तीच माती जाते. आमचे केस, भुवया, पदर, सगळे काळे झाले होते. मी म्हटले, "हिचा आकडा सगळ्यांचा सारखा येईल का गं?" तर ती चाळणी झटकत म्हणाली, "तुह्या गणपतीच्या गावची माती हाय वो. मह्याशी नाई त तुह्याशी त खरं बोलन!"

आणि माती खरे बोलली. सगळ्यांचे आकडे जवळ जवळ आले. उरलेली माती प्रत्येकाने आपल्या बरणीत भरून ठेवली. नमुन्यांच्या दर खेपेबरोबर तिच्यातली थोडी तपासायची. तिचा आकडा नेहमीसारखा आला, तर आपले बाकीचे आकडेही भरवशाचे. आमच्या बरणीवरची चिठ्ठी यशूनेच लिहिली. माझे अक्षर, म्हणे, डॉक्टरसारखे.

मातीनंतर खताची पाळी आली. इथे मला थोडे शास्त्र सांगावे लागेल — की मी पुन्हा वेळ काढते आहे?

थोडक्यात सांगते. शेणखत ओले असते. त्यातल्या नत्राचा एक भाग हवेत उडून जाणारा असतो. गोठ्यात नाकाला झोंबतो ना, तोच. आम्ही सगळेच खत आधी ओव्हनमध्ये सुकवायचो आणि मग त्यातले नत्र मोजायचो. तशी रीतच होती. ओव्हनचे दार उघडले की डोळ्यांतून पाणी यायचे. ते पदराने टिपून आम्ही पुढच्या कामाला लागायचो. जे मोजायचे तेच डोळ्यांत झोंबून निघून जात होते — आणि कुणाला काही वाटत नव्हते. मलाही नाही.

यशूला वाटले. खताचा नमुना बर्फाच्या डब्यातून सगळ्यांकडे पोचला त्याच आठवड्यात तिचा फोन आला.

"काऊन वो वर्धेवाली, सुकवून राह्यली का नमुना?"

"मग? कच्चा खाऊ?"

"मी त ओलाच घेतला. सुकवला का अर्ध खत ओव्हनातून पळते. नाकाले समजते, तुह्या मशिनीले काऊन नाई समजत? एकडाव ओला करून पाह्य. मंग मले सांगजो."

एकमेकींना आकडे सांगायचे नाहीत असे ठरलेले होते. तिने आकडा सांगितला नाही. फक्त कसे केले ते सांगितले. तेवढेच.

मी ओला करून पाहिला. शेवटी हिरव्या पाण्यात आम्ल थेंब थेंब सोडायचे आणि ते गुलाबी झाले की थांबायचे. जितके आम्ल जास्त लागेल, तितके नत्र जास्त. सुकवलेल्या नमुन्याचे पाणी लवकर गुलाबी झाले होते. ओल्याचे होईना. थेंब पडत राहिले आणि पाणी हिरवेच. मग एका थेंबाला झाले. नमुन्यातल्या ओलाव्याचा हिशेब वजा केला तरी फरक स्पष्ट होता. पुन्हा केले. तसेच. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी लगेच हिंगणघाटला फोन लावला आणि म्हणाले, "यशू, तुझंच बरोबर आहे गं."

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी ते म्हणाले होते.

"मंग ओलाच आकडा लिहून धाड," ती म्हणाली. मी हो म्हटले.

दुसऱ्या दिवशी आणखी एका प्रयोगशाळेच्या प्रमुखांचा फोन आला. आमच्यात याला "मेळ घालणे" म्हणत. आकडा पाठवण्याआधी कुणीतरी कुणाला तरी सहज फोन करायचे, पावसापाण्याचे बोलायचे आणि जाता जाता आकडा सांगून टाकायचे. ठरले होते की असे करायचे नाही, आणि करत होते सगळे. त्यांचा आकडा सुकवलेल्या नमुन्याचा होता. ज्यांच्याशी ते बोलले होते त्यांचाही तसाच. ते म्हणाले, "ताई, या वेळी ज्यांचे आकडे बरोबर येतील त्यांच्याकडे आजूबाजूच्या सगळ्या खताचं काम येणार, असं ऐकतो. तुमचं नाव पुढे आहे."

माझ्याकडे दोन आकडे होते. दोन्ही माझ्याच हातचे. मी सुकवलेल्याचा पाठवला. ओल्याचा कुठेही लिहिला नाही.

मनाला काय सांगितले? सांगितले की हा आकडा खोटा कुठे आहे? मीच तर काढला आहे. रीतीप्रमाणे काढला आहे. खरे बोलायचे तर त्या दिवसापुरते ते पटलेही. एवढ्यावर थांबले असते, तर आज हे लिहावे लागले नसते कदाचित. नाही — लिहावे लागलेच असते. पण हात इतका जड झाला नसता.

बैठक वर्ध्यालाच होती. भिंतीवर आलेखाचा मोठा कागद लावला होता आणि प्रत्येक प्रयोगशाळेचा एक ठिपका. बाकीचे सगळे ठिपके चिमण्यांसारखे एका जागी दाटले होते आणि एक एकटाच, बराच वर. त्याखाली हिंगणघाट.

अध्यक्ष म्हणून एक निवृत्त अधिकारी आले होते. सौम्य गृहस्थ. त्यांनी विचारले, "हिंगणघाटचं काय झालं? हात चुकला का?"

यशू उठली. तिने नीट समजावून सांगितले — ओलावा, उडून जाणारे नत्र, ओव्हनचा वास. कुणी मान हलवली नाही. एक जण म्हणाला, "म्हणजे बाकी सगळे चूक आणि तुम्ही एकट्या बरोबर, मॅडम?" थोडे हसू पसरले. तीही हसली. खरेच हसली, कारण तिला वाटत होते की तिच्या मुठीत पक्का पुरावा आहे. म्हणाली, "एकटी कायची? वर्ध्याच्या मॅडमनंही ओला करून पाह्यला. विचारा त्यांले."

सगळे माझ्याकडे वळले.

मला आठवते, माझ्यापुढे पाण्याचा पेला होता आणि त्यावर बशी झाकलेली होती. मी ती बशी सरळ केली. ती सरळच होती.

मी म्हणाले, "नाही. आम्ही नेहमीप्रमाणे सुकवूनच केला. ओला केलेला नाही."

इंग्रजीत म्हणाले. बैठकीत मी इंग्रजीच बोलायची. स्वच्छ, शाळेतले इंग्रजी. आता वाटते, त्या वाक्याला कुणी काही विचारले का नाही? कुणीच म्हटले नाही, "ताई, तुमच्याकडे थोडा ओला नमुना उरला असेल, आत्ता करून पाहू." उरला होता. फ्रीजमध्ये, त्याच इमारतीत. पण माझ्या नुसत्या "नाही"वर सगळ्यांचे समाधान झाले, आणि तिच्या सगळ्या स्पष्टीकरणावर कुणाचेही झाले नाही. का? आमच्या दोघींच्या हातात तीच पदवी होती. फरक आडनावाचा होता. मी "नाही" म्हणण्याआधी मला हे माहीत होते का? माहीत होते. माझ्यावरच विश्वास ठेवतील हे मला माहीत होते.

यशू माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. शेवटच्या थेंबाची वाट बघत पाण्याकडे बघतात तशी — आता बदलेल, आता रंग बदलेल. मी बशीकडे बघत होते. मग ती खाली बसली.

चहाच्या वेळी माझ्या मागे कुणीतरी हळूच म्हणाले, "भरती जशी, आकडे तसे." दुसरा कुणी नाकातून हसला. यशू खिडकीपाशी उभी होती. तिला ऐकू गेले असणारच. मी मागे वळलेसुद्धा नाही. बिस्कीट चहात बुडवले, ते तुटून खाली बसले, आणि मी चमच्याने ते काढत राहिले.

त्यानंतर हिंगणघाटला खत तपासणे बंद झाले. त्यांच्याकडचे नमुने आमच्याकडे येऊ लागले. यशूला तपासणीच्या टेबलावरून उठवून नमुने घेण्याच्या खिडकीवर बसवले. शेतकऱ्याकडून पिशवी घ्यायची, चिठ्ठी लावायची, वर्ध्याला पाठवायची. तिचा तो नेमका हात — चिठ्ठ्या लावायला.

आणि आता ते सांगते, जे मला सगळ्यात जास्त छळते.

हिंगणघाटचे नमुने सकाळच्या एसटीने यायचे. बाकी ठिकाणचे कसेही येत. फाटक्या पिशवीत, अर्धे वाळलेले, कधी सांडलेले. हिंगणघाटचे यायचे ते दुहेरी पिशवीत, आतली हवा दाबून काढलेली, तोंडाला घट्ट गाठ, आणि वरून ओले गोणपाट. खत एवढेसेही सुकू नये म्हणून. तिला कुणी तसे करायला सांगितले नव्हते. उन्हाळ्यातही गोणपाट ओले असायचे. म्हणजे निघताना ते किती भिजवत असेल ती! मी गाठ सोडायची — सुटता सुटायची नाही, कधी कात्री घ्यावी लागे — आणि ते ओले, जिवंत खत ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये ठेवायची. दार उघडले की डोळ्यांतून पाणी यायचे. मी ते पदराने टिपायची.

असे वर्षानुवर्षे चालले. गाठ कधी सैल आली नाही.

आणि त्या पिशव्या ज्यांच्या होत्या ते शेतकरी? त्यांना माझ्या सहीने कळत गेले की तुमचे शेणखत निकस आहे, विकतचे खत वाढवा. एक म्हातारी तर कागद घेऊन येऊन म्हणाली होती, "बाई, मह्या म्हशीचं शेण इतकं बेकार हाय का वो?" मी तिला समजावले. छान समजावून सांगता येते मला.

पुढे वरूनच सूचना आली की खतातले नत्र ओल्या नमुन्यावरच मोजावे. तोवर मी प्रमुख झाले होते. मी पुढाकार घेतला, आजूबाजूच्या प्रयोगशाळांना शिकवले, ओव्हनच्या वासाचे उदाहरण देऊन. यशूचेच उदाहरण. "नाकाला कळते ते यंत्राला का कळू नये?" असे मी म्हणायची, आणि लोक वहीत लिहून घ्यायचे. त्याबद्दल माझा सत्कार झाला. शाल, नारळ, मागे पडदा. तुमच्या भिंतीवर आहे तो.

सत्काराच्या भाषणात मी तिचे नाव घेऊ शकले असते. नुसते नाव. कबुली तर दूरच राहिली. घेतले नाही.

त्यानंतर ती मला एकदाच भेटली, वर्ध्याच्या बसस्टँडवर. दोघी निवृत्त झालेल्या. तिचे केस पांढरे, हातात डबा. दवाखान्यात कुणालातरी भेटायला आली होती. माझ्याशी बोलली नसती तरी चालले असते. पण बोलली. तुमच्या आईची चौकशी केली, माझे गुडघे विचारले. हिंगणघाटची गाडी लागली तशी डबा सावरत म्हणाली, "आयकलं, आता ओलंच तपासतात म्हणे."

मी म्हणाले, "हो."

"बरं झालं," ती म्हणाली. "चाल, येतो मी."

आणि चढली. टोमणा होता का त्यात? मी कितीदा ते वाक्य कानात वाजवून पाहिले. नव्हता. तिला खरोखरच बरे वाटले होते. गाडी आवारातून वळून बाहेर पडेपर्यंत मला वेळ होता. खिडकीपाशी ती बसलेली दिसत होती. मी हात हलवला.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. मला चार दिवसांनी कळले, कुणाच्या तरी बोलण्यातून. हिंगणघाटला जाऊन तिच्या मुलीला भेटले. दारातच तिने ओळखले — "आई सांगे तुमच्याबद्दल. केळझरची माती दोघींनी केलती न?" मी म्हटले, हो. मुलीला तेवढेच माहीत होते. यशूने घरात तेवढेच सांगितले होते. तिथेही मला बोलता आले असते. मी चहा घेतला आणि परत आले.

हे सगळे आहे. यात कुणी मला भाग पाडले नव्हते. मी कच्ची नव्हते, गरजू नव्हते, फसलेही नव्हते. तिने विश्वासाने माझ्याकडे बोट दाखवले आणि मी "नाही" म्हणाले. ईरा, तुला मी काय करावे ते सांगत नाही. तो अधिकार माझा नाही. फोटो ठेवा की काढा, त्याबद्दलही माझे काही म्हणणे नाही. तुमच्या आजीने काय केले ते तुम्हाला माहीत असावे, एवढेच.

गेल्या आठवड्यात मी जुन्या प्रयोगशाळेत जाऊन आले. माझा ओव्हन कधीच मोडीत गेला. मुले नवी आहेत, मला ओळखत नाहीत. पण खिडकीशेजारच्या फळीवर केळझरच्या मातीची बरणी अजून आहे. माती तळाला गेली आहे. वरची चिठ्ठी यशूच्या अक्षरातली, पिवळी पडलेली, पण वाचता येते. ती मुले अजूनही त्यातली थोडी माती दर खेपेबरोबर तपासतात. मी आकडा विचारला. आमच्या वेळी यायचा तोच येतो.